लोकल माल

कंपनीचं नाव आईला सांगायची सोय नव्हती.

"कसला डबा म्हणालीस?" तिनं फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"डॅक गं. लॅपटॉपला लावायचा. आवाज स्वच्छ येतो."

"कुणी केलाय?"

"अमेरिकेत एक छोटी कंपनी आहे."

"नाव काय तिचं?"

मी म्हटलं, दारात कुणीतरी आलंय, नंतर करते.

नाव 'शिट ऑडिओ'. स्पेलिंग जर्मन वाटावं असं केलंय, उच्चार मात्र इंग्रजी शिवीचाच, आणि तो मुद्दाम तसा ठेवलाय. जेसन स्टॉडर्ड आणि माइक मॉफट या दोघांनी २०१० साली कॅलिफोर्नियात ती सुरू केली. दोघंही या धंद्यातले जुने. मॉफटनं पूर्वी थीटा डिजिटल काढली होती, तेव्हा वेगळा डॅक विकत घेणं ही कल्पनाच लोकांना नवी होती. या नव्या कंपनीत त्यांनी मधले दुकानदार काढून टाकले आणि माल थेट गिऱ्हाइकाला विकायला घेतला. सुरुवात गॅरेजमधून. यंत्रांची नावं उत्तर युरोपातल्या जुन्या देवांची. थॉरची दोन मुलं मॅग्नी आणि मोडी, त्यांपैकी मोडी हा त्यांचा स्वस्तातला डॅक. २०१२ साली तो ९९ डॉलरला आला. आपल्या मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही, पण एखादी वस्तू मनात भरली की असले योगायोगही शुभशकुन वाटायला लागतात.

मला डॅक का हवा होता ते आधी सांगते. मी मराठी ऑडिओबुकं 'तपासते'. म्हणजे वाचणाऱ्यानं कुठला शब्द गाळला, कुठे श्वास मोठा आला, कुठे खुर्ची करकरली हे दिवसाचे सहा तास ऐकून लिहून काढते. पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपला चार्जर लावला, की हेडफोनमध्ये एक बारीक किरकिर सुरू व्हायची. निवेदकानं वाक्य संपवून पॉझ घेतला की ती हजर. दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. तेव्हा गरज खरी होती. पण गरज भागवणं वेगळं आणि त्या निमित्तानं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डब्यांचे फोटो बघत बसणं वेगळं. माझं दुसरंच जास्त चाललं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तुमच्या फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं असेल, तर डाव्या आणि उजव्या कानासाठी दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवरचा. हेडफोनला आकडे कळत नाहीत, त्याला वरखाली होणारा विजेचा दाब लागतो. आकड्यांचा दाब करतो तो डॅक. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, ब्लूटूथच्या कानातल्या बोंडातसुद्धा तो असतोच. काम नखाएवढ्या चिपचं. बाकी सगळा खटाटोप त्या चिपला स्वच्छ वीज मिळावी आणि आजूबाजूचा कचरा तिच्यात शिरू नये यासाठी.

म्हणजे चांगला डॅक कोणता? ज्याचा स्वतःचा आवाजच नाही तो. हे वाक्य मी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं आणि वाचून सोडून दिलं होतं, कारण मी मिरजेची आहे.

मिरजेत वाढलेल्या माणसाला हाताचा आवाज असतो हे शिकवावं लागत नाही. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली पाच मिनिटांवर. पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे दुकानांबाहेर रचलेले, आत कुणी लाकूड तासतंय, कुणी पॉलिश घासतंय. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा कानशीनं किंचित घासतो, तार छेडतो, मान वाकडी करून ऐकतो, पुन्हा घासतो. केसाएवढं जास्त घासलं गेलं तर आवाज बसतो आणि सगळं पहिल्यापासून. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, त्यांची कबरही इथल्याच दर्ग्यात. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. अशा गावातल्या मुलीला कुणी सांगितलं की अमुक डबा गॅरेजमध्ये दोन माणसांनी केलाय आणि तमुक डबा कारखान्यात लाखांनी निघतो, तर ती कान लावायच्या आधीच पहिल्याच्या बाजूनं उभी राहणार.

माझ्या यादीत तिघं उरले होते. एक 'मोडी'. दुसरे इलिनॉयमधले जेडीएस लॅब्ज. तेही छोटे, आपल्याच जागेत डबे जोडणारे, बोलायला सरळ. त्यांच्या पानावर काव्य नाही, मोजमापं आहेत. तिसरा मात्र डबा कमी आणि गोष्ट जास्त.

२०११ मध्ये एक माणूस 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावानं लिहायला लागला. खरं नाव, गाव, चेहरा, काहीच नाही. स्वस्त-महाग ऑडिओ यंत्रं तो प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर मोजायचा आणि आकडे मांडायचा. अनेकांची गोड स्वप्नं त्यात मोडली. लोक चिडले: बोलायला काय जातं, स्वतः करून दाखव. त्यानं करून दाखवलं. 'ओ-टू' नावाचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, साध्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या भागांचा. वर सर्किटचा पूर्ण नकाशा फुकट. कुणीही करा, कुणीही विका, फक्त आराखडा बदलू नका. २०१२ मध्ये त्याच्या जोडीला 'ओडॅक' आला. त्याचा नकाशा मात्र खुला नव्हता, त्याचं बोर्ड तयार मिळायचं. जेडीएससारख्या छोट्या उत्पादकांनी दोन्ही एकाच डब्यात घालून विकायला सुरुवात केली. आणि त्याच वर्षी हा माणूस गप्प झाला. निरोप नाही, खुलासा नाही. आजतागायत तो कोण हे जाहीर झालेलं नाही. स्वतःच्या कामाचा एक रुपया घ्यायलाही तो नावानिशी पुढे आला नाही.

हे सगळं मी अण्णांना फोनवर रंगवून सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. गॅरेज, दोन माणसं, थेट गिऱ्हाईक, हाताची सोल्डरिंग. मोठ्या ब्रँडच्या नादी न लागता इंडिपेंडंट मेकरकडून घेणं किती महत्त्वाचं वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेतात.

मग म्हणाले, "म्हणजे त्यानं गॅरेजात केलं की इंडिपेंडंट, आणि मी दुकानात करत होतो ते लोकल होय?"

हसत म्हणाले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. पण फोन ठेवल्यावर मी पुष्कळ वेळ त्या यादीकडे बघितलं नाही.

अण्णांचं दुकान दर्ग्याच्या रस्त्याला होतं. रेडिओ, टेप, पंखे, इस्त्री, जे येईल ते. खरा जीव मात्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. घरगुती हवा असेल तर ४४४० आयसीचं बोर्ड. गणपती मंडळाला किंवा भजनी मंडळाला हवा असेल तर तीस-पंचावन्नच्या जोड्या. २एन३०५५ हा लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर, पण पूर्ण नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही, सगळे तीस-पंचावन्नच म्हणायचे. ट्रान्सफॉर्मर ते सांगलीतून गुंडाळून आणायचे. कॅबिनेट तयार यायचं, मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून. त्याच्या दर्शनी पट्टीवर जपानी वाटावं असं एक नाव आधीच छापलेलं असायचं. तसल्या नावाची कंपनी जपानात कुठेच नव्हती. पण गिऱ्हाइकाला ते लागायचं. एकदा अण्णांनी कोरी पट्टी लावून एक अ‍ॅम्प दुकानात ठेवला, तो सहा महिने तिथेच होता. शेवटी पट्टी बदलली, आठवड्यात गेला. त्यांनी केलेले दीडएकशे अ‍ॅम्प या पट्ट्यात कुठे कुठे वाजले असतील, एकावरही त्यांचं नाव नाही.

घरातही एक होता. त्यावर मी लहानपण काढलं. रेडिओ, कॅसेटी, पुढे सीडी, सगळं त्यातूनच. आणि २०१० साली दहावीला एकोणनव्वद टक्के पडल्यावर काय पाहिजे असं विचारलं, तेव्हा मी होम थिएटर मागितलं. ब्रँडचं. वर्गातल्या दोन मुलींकडे होतं. आई म्हणाली, अगं अण्णांचा आहे की. मी म्हटलं, "तो लोकल आहे. त्याच्यात हूं येतं." अण्णा तिथेच जेवत बसले होते. दुसऱ्या दिवशी ते जाऊन घेऊन आले. पाच स्पीकरच्या वायरी भिंतीच्या कडेनं त्यांनीच खिळे मारून नीट ओढल्या. जुना अ‍ॅम्प पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत ब्लूटूथचे स्पीकर भाजीच्या भावात मिळायला लागले, मंडळं डॉल्बीवर गेली, आणि दुकान बंद झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी मला त्या एकापाठोपाठ आठवतात.

शेवटी मी मोडी घेतला नाही. अमेरिकेहून मागवला तर कुरिअर आणि सीमाशुल्क धरून किंमत जवळपास दुप्पट होत होती, हे एक कारण. जेडीएसचंही तेच. पण ते सांगायचं कारण. आतलं कारण असं, की ओ-टूचा नकाशा उपलब्ध होता. हा डबा बिघडला तर अण्णांना वाचता येईल. बंगळुरूच्या एकानं ओ-टू आणि ओडॅक एकत्र असलेला जुना डबा विकायला काढला होता, साडेसहा हजारांना. काळा, ॲल्युमिनियमचा, पाठ्यपुस्तकापेक्षा लहान. मी पैसे पाठवले.

डबा आला, सोबत अडॅप्टर अमेरिकन. ११०-१२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला असता तर धूर निघाला असता. विकणाऱ्यानं तसं आधी लिहून कळवलं होतं, मीच उत्साहात वाचलं नव्हतं. नवा अडॅप्टर आणू म्हटलं, तर दुकानदार एकामागून एक डीसीचे दाखवायला लागले. याला एसी लागतं, म्हणजे भिंतीतल्यासारखीच उलटसुलट होणारी वीज, फक्त कमी दाबाची, १२ ते २० व्होल्ट. "असलं आता कोण वापरतं मॅडम?" बुधवार पेठेतले एक काका म्हणाले.

मी डबा पिशवीत घातला आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मिरजेला गेले.

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, चार स्क्रू काढले आणि बोर्ड अलगद बाहेर सरकवलं. मी फोनवर नकाशा उघडून धरला होता, पण त्यांनी पहिली दहा मिनिटं त्याकडे पाहिलंच नाही. टेबलावरचा दिवा ओढून ते नुसते बोर्ड फिरवत होते. मग बोटानं दाखवत गेले. "हे अठ्ठ्याहत्तर बारा. हे एकोणऐंशी बारा. अधिक बारा, उणे बारा, आपली नेहमीची जोडी." पुढे सरकले आणि थांबले. "अगं, ही तर जेआरसी."

जेआरसी ४५५८ ही आयसी त्यांच्या हातून किती गेली असेल याला गणती नाही. आपल्याकडच्या प्रत्येक टोन कंट्रोलच्या बोर्डवर ती असायची, पाच-सात रुपयांची. इथे तिची थोरली बहीण होती, ४५५६. जास्त करंट देणारी. नकाशा सांगत होता की हेडफोन हलवायचं काम हिच्याचकडे आहे. मोठमोठ्या नावांच्या तोडीस तोड मोजमापं देणारा हा अ‍ॅम्प आणि त्याच्या पोटात दर्ग्याच्या रस्त्यावरच्या डब्यातली भावकी. अण्णांना इतकं मोकळं हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

"आणि बघ, ट्रान्सफॉर्मर त्यानं बाहेर काढलाय," ते म्हणाले. "डब्यात ठेवलाच नाही. म्हणून एसी मागतोय. शहाणा माणूस आहे."

संध्याकाळी ते सायकल काढून सांगलीला निघाले होते, आईनं रिक्षानं पाठवलं. येताना १५-०-१५चा अर्ध्या अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एक प्लॅस्टिकचा डबा, फ्यूज आणि वायर घेऊन आले. ट्रान्सफॉर्मरची अर्धीच बाजू वापरली, १५ व्होल्ट. तासाभरात पुरवठा तयार. कोपऱ्यात पांढऱ्या मार्करनं '१५ एसी' लिहिलं, दुसऱ्या कशाला कुणी लावू नये म्हणून. बाकी नाव-बिव काही नाही. दिवा लागला, आणि मी हेडफोन कानाला लावले.

काय सांगू? स्वर्ग. निवेदकाच्या जिभेची हालचाल ऐकू येत होती. किशोरीताईंचा आलाप लावला तर मागचे दोन तंबोरे दोन दिशांना उभे राहिले. मी अण्णांना म्हटलं, "हा फरक! बघा, याला म्हणतात हाताचं काम."

ते म्हणाले, "कशापेक्षा फरक?"

माझ्याकडे फोनला लावायचं एक छोटं डाँगल होतं. हजाराच्या आतबाहेरचं, जगातल्या अतिविशाल कंपनीचं, शेपटीएवढी वायर. तिच्यातही डॅकच असतो. मी म्हटलं, याच्यापेक्षा. ते म्हणाले, बघू की मग.

त्यानंतर जे झालं त्यात माझी फार शोभा नाही. अण्णांनी जुन्या सामानातून एक दुहेरी टॉगल स्विच काढला आणि साबणाच्या डबीत बसवला. एका बाजूला डाँगल, दुसऱ्या बाजूला ओ-टू, मधून माझे हेडफोन. लॅपटॉपमधून दोन्हीकडे एकाच वेळी गाणं सोडता येतं. पण आधी आवाज सारखे करायचे, कारण किंचित मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो, 'मोठा' वाटत नाही. हे मी वाचलं होतं. अण्णांना ते न वाचता ठाऊक होतं. दुकानात गिऱ्हाइकाला दोन अ‍ॅम्प दाखवताना जो खपवायचा त्याचं बटण केसभर पुढे ठेवायचं, ही धंद्यातली जुनी युक्ती. त्यांनी मला शंभर हर्ट्झचा सलग सूर लावायला सांगितला. स्वस्त मल्टीमीटर विजेच्या पन्नास हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतो, फार वर गेलं की थापा मारतो. सूर लावून, मीटर बघत, ओ-टूची कळ इतकी हळू फिरवली की दोन्हीकडे शेवटचा आकडासुद्धा जुळला. मग माझी पाठ स्वतःकडे करून बसवलं आणि नाणं काढलं. छापा म्हणजे हा, काटा म्हणजे तो. वीस वेळा.

पहिल्या पाच वेळा मला खात्री होती. नुसती खात्री नाही, दया येत होती डाँगलची. सहाव्यापासून जरा डळमळले. बाराव्यापर्यंत मी जवारी ऐकू येते का, श्वास ऐकू येतो का असं काहीबाही पकडायला बघत होते, पाण्यात हात घालून मासा धरावा तसं. आई दारात उभी राहून टाळ कुटणाऱ्याकडे बघावं तशी आमच्याकडे बघत होती.

वीसपैकी अकरा बरोबर. नुसतं नाणं उडवून दहा आले असते. योगायोग नाही असं म्हणायला निदान पंधरा तरी हवे होते. पहिल्या पाचांत, म्हणजे खात्रीच्या पाचांत, बरोबर दोन.

असं होतं हे मला माहीत होतं, हेच जास्त लागलं. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला होता. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच सीडीच्या दर्जातून गाळून काढलेलं, ओळखा. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. निम्मं. त्यात ध्वनिमुद्रणातले व्यावसायिक लोकही होते. मी हे वाचलं होतं, आणि वाचताना मनात आलं होतं की त्यांच्यात कुणी मिरजेचं नसणार.

तंबोरा आवाज तयार करतो, म्हणून त्यात हात ऐकू येतो. डॅकनं आवाज तयार करायचाच नसतो. तो खिडकीच्या काचेसारखा आहे. ज्यानं ती प्रामाणिकपणे पुसली त्याचा हात काचेत दिसत नाही. गॅरेजमधला असो, कारखान्यातला असो. डबा घेताना मी शोधत होते नेमकी ती गोष्ट, जी चांगल्या कारागिरानं आधीच पुसून टाकलेली असते. तो टोपणनाववाला माणूस हेच तर आकडे मांडून सांगत होता. मी त्याच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करून त्याच्या गूढ गोष्टीवर भाळले होते.

आणखी एक गंमत राहिली. ज्या किरकिरीसाठी हे सगळं झालं, ती मिरजेच्या घरात डाँगलमध्येही नव्हती आणि लॅपटॉपच्या नुसत्या जॅकमध्येही नव्हती. अण्णांनी पुण्याच्या खोलीतलं सॉकेट कसं आहे विचारलं. तीन भोकांचं. "तिसऱ्यात काही आहे का बघितलंस?" पुढे पुण्यात एका इलेक्ट्रिशियननं फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प धरला. बल्ब पेटलाच नाही. तिसरं भोक शोभेचं होतं. घरमालकांशी त्यावरून झालेला पत्रव्यवहार हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मला दुसरंच विचारायचं होतं. आधी आम्ही कानांचा खेळ खेळलो. लॅपटॉपवर सूर हळूहळू उंच करत न्यायचा आणि ऐकू यायचं थांबलं की हात वर. माझा हात साडेपंधरा हजार हर्ट्झला वर गेला. अण्णांचा आठ हजारांना. सूर चालूच होता, मला सुईसारखा टोचत होता, आणि ते माझ्याकडे बघत होते, की बंद केलास का? दहा-बारा वर्षं मंडळांच्या कर्ण्यांखाली उभं राहून बटणं फिरवली होती त्यांनी. मी लॅपटॉप मिटला.

मग विचारलं. "अण्णा, तेव्हा ते होम थिएटर आणलं, ते तुमच्या अ‍ॅम्पपेक्षा खरंच चांगलं होतं का? की मला नुसतं नावामुळे वाटलं?"

मला वाटतं, मला 'नावामुळे' हे उत्तर हवं होतं. म्हणजे मी रीतसर वाईट वाटून घेतलं असतं आणि मोकळी झाले असते.

त्यांनी सुपारी कातरता कातरता विचार केला. "आवाज आपल्याचा भरीव होता," ते म्हणाले. "त्या डब्यातल्या बेसला नुसती धपधप होती. पण हम होता आपल्यात. तू म्हणालीस ते खरं होतं."

"मग काढला का नाही तुम्ही?"

"कॅबिनेट तयार यायचं ना. भोकं आधीच पाडलेली. ट्रान्सफॉर्मर जिथं बसायचा तिथून इनपुट चार बोटांवर. कितीबी शिल्डिंग करा, थोडा राहणारच. वेगळं कॅबिनेट करून घ्यायचं तर अडीचशे रुपये जास्त. ते कोण देणार?" सुपारी तोंडात टाकली. "मला रोज ऐकू यायचा तो. तेव्हा यायचा."

आई म्हणाली, आता झोपा.

डबा मी ठेवलाय. आता लिहिताना बाजूलाच आहे. कामाला तो चांगलाच आहे. ३०० ओहमच्या माझ्या हेडफोनना तो दमदार चालवतो आणि कळ फिरवायला बरी वाटते. कुणी विचारलं तर मी सांगते की ऐकायला तो हजार रुपयांच्या डाँगलसारखाच आहे, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मोडीसुद्धा मनातून पूर्ण गेलेला नाही. त्या दोघांचा धंदा चालावा असं मला अजून वाटतं. फक्त त्यासाठी माझ्या कानांची साक्ष मी आता काढत नाही.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. माळ्यावरून पोतं खाली आलंय, पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, तूच सांग काहीतरी. मागून अण्णांचा आवाज आला, फोन दे म्हणून. त्यांनी अ‍ॅम्प उघडला होता. जुने कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. ट्रान्सफॉर्मर काढून वेगळ्या डब्यात टाकायचा, आणि तो डबा चार हात लांब ठेवायचा, असं चाललं होतं.

"पट्टी कोणती लावणार?" मी विचारलं.

"पट्टीचं सोड. तिकडं पुण्यात जाड, चार कोरची वायर मिळते का बघ. इथली पातळ आहे. आणि मीटरनं नको, नीट माप आण. दीड मीटर पुरे."